अर्ध्यावर सोडलेली कातरणी

मर्लीन टॅगार्ट जमिनीवर पाय ठेवायची तो उचलण्यासाठीच. फोनवर बोलताना ती अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची, आणि बोलणं संपलं तरी चालणं थांबायचं नाही. मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या गड्यांची टोळी ती चालवते आणि मी त्या टोळीचा स्वयंपाकी. एका रानातल्या शेडमधल्या मेंढ्या कातरून झाल्या की भांडीकुंडी ट्रकवर टाकायची आणि पुढच्या रानाकडे निघायचं. लाल धूळ, करडं गवत आणि वर एवढं मोठं आभाळ, की त्याखाली माणसानं केलेला बेत लहान मुलाच्या खेळण्यासारखा दिसतो.

तिच्या बापानं ही टोळी डोक्यातल्या डोक्यात चालवली. मर्लीनला तेवढं पुरेना. कुठे यंत्राचा भाग वेळेवर यायचा नाही, कुठे दोन मालक एकाच आठवड्यावर हक्क सांगायचे. मग एका हिवाळ्यात ती डबो शहरात जाऊन एक कोर्स करून आली. धंदा सांभाळणाऱ्या माणसांना मोठं काम आखायचं कसं आणि तडीला न्यायचं कसं, ते तिथे शिकवत होते. परत येताना तिनं चादरीएवढा कागद आणला आणि माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठोकला. एकेका कामाची एकेक रंगीत पट्टी. पट्टीखाली त्या कामाची जबाबदारी असलेल्या माणसाचं नाव. आणि एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीकडे जाणारे बाण, म्हणजे हे संपल्याशिवाय ते सुरू होणार नाही.

गड्यांना थट्टेला आयतंच कोलीत सापडलं. न्यूझीलंडचा टामा कागदाला नाक लावून म्हणाला, "बॉस, यात माझ्या लघवीची पट्टी कुठाय?"

"तुझी पट्टी कागदात मावत नव्हती."

"आणि स्वयंपाक्याच्या नावावर लाल पट्टी का? जेवण जळणार हे आधीच ठरलंय वाटतं!"

कागदाच्या उजव्या कडेला एक रकाना होता. काय काय बिघडू शकतं, ते त्यात लिहायचं. यंत्र बंद पडेल, कुणाची पाठ धरेल, ट्रक फसेल, हे सगळं तिनं लिहिलं होतं. कोर्समधल्या बाईंनी तिला विचारलं होतं म्हणे, "पाऊस नाही लिहिलात?" त्यावर मर्लीन म्हणाली, "बाई, आमच्याकडे वर्षानुवर्षं दुष्काळ आहे. मी पावसाला अडचण म्हणून लिहिलं आणि तो रुसला, तर लोक मला गावात पाऊल ठेवू देणार नाहीत." बाई हसल्या. पण ती थट्टा करत नव्हती. आमच्या भागात दुष्काळात पावसाविरुद्ध कुणी शब्द काढत नाही. मीही लिहिला नसता.

तेव्हा आम्ही क्लेम हॅड्रिलच्या रानात होतो. तिथलं काम शुक्रवारी संपवायचं आणि सोमवारी कुरिंडाला, आयव्हर स्टँटनच्या शेडमध्ये उभं राहायचं. कुरिंडाचं काम आम्हाला पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि ते एवढं मोठं की हातून गेलं तर टोळीतले निम्मे गडी दुसरीकडे पोट भरायला जाणार. शिवाय स्टँटनच्या मेंढ्या गाभण होत्या, अगदी दिवस भरत आलेल्या. उशीर झाला तर त्यांना हात लावता आला नसता. त्यानं स्पष्ट सांगितलं होतं, "सोमवारी आलीस तर शेड दरवर्षी तुझी. नाही आलीस तर दुसरी टोळी तयार आहे."

बुधवारी पहाटे पत्र्यावर पाऊस वाजला. बाहेर बघतो तर क्लेम हॅड्रिल रात्रीच्या कपड्यांत अंगणाच्या मधोमध, तोंड वर करून उभा. हसत होता की रडत होता, कळेना. त्याच्यामागे मर्लीन ओसरीवर येरझाऱ्या घालत होती. पावसाचं नावच कुणी काढलं नव्हतं, त्यामुळे आदल्या संध्याकाळी एकही मेंढी छपराखाली घेतलेली नव्हती. सगळ्या रानात भिजत होत्या.

ओली मेंढी कातरली की गड्याचे सांधे धरतात. म्हणून आमच्याकडे मतदान होतं. दोघं जण दोन-दोन मेंढ्या कातरून बघतात, मग प्रत्येक गडी चिठ्ठीवर ओली की कोरडी ते लिहितो आणि टोपीत टाकतो. बॉसला मत नसतं. मर्लीन दाराबाहेर थांबली, म्हणजे दाराबाहेर चालत राहिली.

एक सोडून सगळ्या चिठ्ठ्या ओल्या निघाल्या.

"ही कोरडी कुणाची रे?"

"मजुरी बुडाली म्हणून ज्याला बायकोला तोंड द्यायचंय त्याची!"

गुरुवारीही तेच. मर्लीननं कुणाला गळ घातली नाही. माझ्या स्वयंपाकघरात आली आणि कागदासमोर उभी राहिली. हॅड्रिलच्या पट्टीतून कुरिंडाच्या पट्टीकडे गेलेल्या बाणावर तिनं बोट ठेवलं.

"हा बाण का काढला मी?"

"अगं, एक शेड संपवल्याशिवाय दुसरीकडे कोण जातं?"

"तेच विचारतेय. भिंत झाल्याशिवाय छप्पर चढत नाही, ते पटतं. पण इथली मेंढी राहिली म्हणून तिथली का अडावी?"

शेवटची मेंढी कातरून झाल्याशिवाय शेड सोडायची नाही, हे आम्ही कुठे शिकलो नव्हतो. ते अंगातच होतं. तिनं स्टँटनला फोन लावला.

"तुझ्याकडे पडला का?"

"दोन थेंब. धूळसुद्धा बसली नाही. का, तू येत नाहीस की काय?"

"येते. उद्याच निघते," असं ती बोलून बसली, आणि मग क्लेमला सांगायला चिखल तुडवत गेली. मी चहाची किटली घेऊन मागोमाग.

क्लेमचा चेहरा पावसानं उजळलेला होता, तो विझला. "तुझ्या बापानं या शेडमध्ये कधी अर्धं ताट टाकलं नाही, पोरी. माझ्या मेंढ्या काय उष्ट्या आहेत?"

"तुमच्या थांबू शकतात, क्लेमकाका. त्याच्या थांबणार नाहीत."

"रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल. निम्म्या नागड्या, निम्म्या झिपऱ्या."

"दिसेल."

"आणि उद्या ऊन पडलं तर?"

"तर तुमचा राग खरा, आणि मी तरीही गेलेली असेन. पण परत येऊन सगळं संपवीन."

त्यानं चहाही घेतला नाही. किटली माझ्या हातात तशीच राहिली.

शुक्रवारी निघालो आणि पहिल्या वळणावरच लख्ख ऊन पडलं. टामा खिडकीतून मागे बघत म्हणाला, "बॉस, दुपारपर्यंत कोरड्या होतील बघ." मर्लीननं ट्रकचा वेग तेवढा वाढवला.

कुरिंडाला शनिवारी सकाळीच यंत्रं सुरू झाली. शेवटच्या दिवशी एका कातरलेल्या मेंढीला कुंपणाशीच पिल्लू झालं. स्टँटननं त्याच दिवशी पुढच्या वर्षाची तारीख दिली.

मग आम्ही हॅड्रिलकडे परतलो आणि राहिलेल्या मेंढ्या कातरल्या. क्लेमनं लोकर चिमटीत धरून पाहिली, चांगली आहे म्हणाला, आणि प्रत्येक गड्याशी हात मिळवला. मर्लीनपाशी आला तेव्हा म्हणाला, "आभारी आहे, मिस टॅगार्ट."

ती पाळण्यात होती तेव्हापासून तो तिला पोरीच म्हणत आला होता, या नावानं कधी हाक मारली नव्हती. तिनं मान डोलावली आणि ट्रकवरचे दोर पुन्हा एकदा आवळले. ते आधीच आवळलेले होते.