टेलरची हाक

ढिगाऱ्याखालून भाऊजींचा आवाज आला, "आला!" आणि त्याहून खोल कुठून तरी माझ्या संगीचा, "माझा!" मग परत सगळं गप्प. उजाडलं होतं. घराच्या जागी माती, दगड आणि तुळया यांचा ढीग होता. मी आणि शेजारचा इब्राहिम हातांनी माती ओढत होतो. मी हाका मारून घसा फोडला तरी संगी उत्तर देईना. भाऊजींनी "आला" म्हटलं की मात्र द्यायची. भूकंपाच्या सकाळी कुठं खणायचं ते आम्हाला असं कळलं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. गाव त्यांना टेलर म्हणायचं. लातूरजवळच्या मुरुडला शाळेच्या मैदानासमोर त्यांचं दुकान होतं. बायको वारली, मूलबाळ नव्हतं, तेव्हा मशीन टेम्पोत घालून आमच्याकडं राहायला आले. माझा नवरा रेल्वेत, मुदखेडला. घरात मी, संगी आणि भाऊजी. भाऊजी सारखे बोलायचे. मशीन चालू असलं तरी बोलायचे, तोंडात टाचण्या धरल्या असल्या तरी बोलायचे. मला त्याचा त्रास व्हायचा.

संगी तिसरीत असताना शाळेत नवे गुरुजी आले आणि त्यांनी बेसबॉल सुरू केला. संगी चेंडूला भ्यायची. चेंडू आला की डोळे मिटून मान फिरवायची. गुरुजींनी तिला कडेला बसवलं आणि घरी सराव करा म्हणून सांगितलं. ती रडत आली. मी म्हणाले, "बरं झालं. चल, शेण गोळा कर." भाऊजी मशीनवरून उठले आणि तिला म्हणाले, "चल गं, अंगणात."

त्यांनी जन्मात कधी बेसबॉल खेळला नव्हता. दुकानात बसून पोरांचा खेळ बघितला तेवढाच. पण चेंडू त्यांनी शिवला. पहिला नुसत्या चिंध्यांचा, लागला तरी न लागल्यासारखा. संगीला तो झेलायला यायला लागला की उसवायचे, आत आणखी चिंध्या घट्ट गुंडाळायचे आणि लाल दोऱ्यानं परत शिवायचे. पोरीच्या नकळत चेंडू जड होत गेला. बॅट म्हणून छतावरची, माळवदाची माती ठोकायचं लाकडी चोपणं.

"वैनी, तुमची लेक डोळे झाकून झेल घ्यायलीय," एकदा ते ओरडले. "चेंडू का नवरदेव हाय, लाजायला?"

मी चुलीपुढून म्हणाले, "तिला भाकरी करायला शिकवा. चेंडू पोट भरत नाही."

तर हा माणूस तिला घेऊन चुलीपुढंच येऊन बसला. "बघ, तुझी माय भाकरी या हातावरनं त्या हातावर कशी घेती. दाबती का? दाबली की तुटती. तसाच चेंडू घ्यायचा. आला की हात जरा मागं, आन अल्लाद धरायचा." ती माझ्या हातांकडं बघत बसली. माझ्या हातांकडं इतकं टक लावून आधी कुणी बघितलं नव्हतं.

दुसरी शिकवण हाकेची. झेल उंच उडाला तर दोघी धावतात आणि डोकी फुटतात, म्हणून जिचा झेल तिनं "माझा" म्हणून ओरडायचं. भाऊजी "आला!" म्हणून फेकायचे, संगीनं "माझा!" म्हणायचं. हळू म्हटलं तर झेल घेतला तरी ते मानायचे नाहीत. "मनात म्हणू नको, शेजाऱ्याला ऐकू गेलं पायजे." शेजारी ऐकतच होता. इब्राहिम भिंतीवरून विचारायचा, "टेलर, रोज माझा माझा करायलाव, जमिनीची वाटणी चाललीय का?"

भाऊजींना दुसरा अभिमान माळवदाचा होता. आमच्याकडं दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद. पाऊसकाळ यायच्या आधी दरवर्षी त्यावर पांढरी माती टाकायची आणि चोपायची. सगळं गावच टाकायचं. जुनी माती कुणी काढत नव्हतं. भाऊजी इतरांपेक्षा जास्त टाकायचे. "गावात कुणाचंबी गळू दे, आपलं गळायचं न्हाई," म्हणायचे. मातीच्या पाट्या मीच भरून वर द्यायची. आणि खरंच, ते घर कधी गळलं नाही.

भादव्यात गुरुजींनी संगीला संघात घेतलं. भाऊजी तिचा ड्रेस शिवत होते. बाही राहिली होती. सकाळी उठल्या उठल्या घालायचा म्हणून ती मशीनच्या पायाशीच झोपली. म्हैस व्यायला झाली होती, म्हणून मी गोठ्यात पत्र्याखाली होते. पहाटे जमीन हलली. माळवद बसलं. तुळई मशीनवर पडली आणि लोखंडी पायाशी तेवढी पोकळी राहिली. भाऊजी पलीकडं झोपले होते. तिथं मशीन नव्हतं.

आम्ही हाकेच्या अंदाजानं खणत गेलो. मध्येच भाऊजी म्हणाले, "वैनी, माती लई हाय. मीच टाकलीय." मी म्हणाले, "बोलू नका, दम राखा." सांगून ऐकणारा माणूस नव्हता. दम लागला की थांबायचे, परत "आला!" म्हणायचे. खालून "माझा!" इब्राहिमनं हात घालून संगीला पायांनी ओढून काढलं. तिच्या तोंडात माती होती आणि मुठीत ड्रेसची बाही.

भाऊजींनी विचारलं, "घेतला का झेल?"

"घेतला," मी म्हणाले.

त्यानंतर ते बोलले नाहीत. त्यांच्यावरची तुळई हलायला दुपार झाली.

आता मी लातूरला संगीकडं राहते, तिसऱ्या मजल्यावर. गल्लीत जिकडं तिकडं कोचिंगच्या पाट्या. नातीचा सकाळी एक क्लास, संध्याकाळी दुसरा. सर म्हणतात, दोन वर्षं खेळ बंद. संगी ऐकून घेते आणि पोरगी क्लासवरून आली की तिला खाली पार्किंगमध्ये नेते. चेंडू ती स्वतः शिवते. टाके वाकडे असतात. वॉचमन कुरकुरतो, गाड्यांच्या काचा फुटतील म्हणतो. "आला!" "माझा!" तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येतं. नात हळू ओरडली तर संगी परत टाकायला लावते. मी भाकरी थापत असते. माझ्या हातांना आता तेवढा नेम राहिला नाही, भाकरी तुटते.

त्या पहाटे घरात दोघं झोपले होते. संगी वाचली.