वहिनींसाठी वीस गळे

बेसूर माणसाला क्षमा नाही, एवढ्या एकाच श्रद्धेवर अख्खं आयुष्य काढलेला माणूस मी एकच पाहिला. लोणावळ्याच्या आमच्या शाळेतले गाण्याचे मास्तर. मी तिथे गणित शिकवायचो, साठ-एकसष्टच्या सुमाराची गोष्ट. स्टेशनावर चिक्की विकणाऱ्याला थांबवून ते त्याची आरोळी सुधारून घेत, आणि तोवर गाडी सुटून जाई. मुख्याध्यापक रागावले की हे मान डोलवून म्हणत, "काळी दोनमध्ये रागावलात साहेब, एक पट्टी खाली घ्या." देवळात आरती सुरू झाली की कानांत बोटं घालून बाहेर उभे राहत. देवाला चालतं, मला चालत नाही, म्हणत.

घरात मात्र या श्रद्धेची झळ त्यांच्या बायकोला, आमच्या वहिनींना बसली. त्या वडिवळ्याच्या, शेतकऱ्याघरच्या. स्वयंपाक करताना गुणगुणायला लागल्या की ओसरीवरून हाक येई, "एक तर भाजी कर, नाहीतर माझा जीव घे!" आम्ही हसायचो. त्याही हसायच्या.

तापाचं निमित्त होऊन वहिनी गेल्या. मास्तरांची पेटी दहा महिने बंद होती. मग एके दिवशी शाळेत माझ्यासमोर वही टाकून म्हणाले, "तिच्यासाठी गाणं बांधलंय. वीस गळ्यांचं, दोन गटांत. तिच्या गावच्या बायकांनीच गायचं." वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. दर रविवारी आम्ही दोघं वडिवळ्याला जाऊ लागलो. मी ठेका धरायला.

देवळाच्या अंगणात बायका जमत, पण वीस गळ्यांचे वीस सूर लागत. मास्तर थांबवत, पुन्हा सुरू करत, चिडत. तिसऱ्या रविवारी त्यांनी वहीच आपटली. तेव्हा वहिनींची बालमैत्रीण, पारूमावशी, शांतपणे म्हणाली, "मास्तर, आमी अशाच गातो. तुमची सखू बी अशीच गायाची. भाताच्या लावणीला तिचा आवाज पार पल्याडच्या खाचरात जायाचा. लग्नानंतर माहेराला आली, तर गायाचीच न्हाई. आमी इचारलं, तर म्हनली, गळा बसलाय माझा."

"कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

"ते तुमालाच ठावं."

मास्तरांनी पेटीचा भाता बंद केला, वही मिटली. मग म्हणाले, "तुमच्या सुरात म्हणा. मी मध्ये बोलणार नाही."

वर्षश्राद्धाला बायका गायल्या. दोन गट कुठेच जुळले नाहीत, एक ओळ तर चौघींनी आधीच संपवली. मास्तर खाली मान घालून ऐकत होते. संपल्यावर हात जोडून म्हणाले, "अजून एकदा म्हणाल का?"

संध्याकाळी कामशेत स्टेशनच्या रस्त्याने चालताना त्यांनी मला विचारलं, "तुम्ही आमच्या घरी यायचात. तिला गाताना कधी ऐकलंत का हो?"

ऐकलं होतं. एकदा मास्तर बाहेर गेले होते, आणि वहिनी मागच्या दारी कपडे वाळत घालताना मोकळ्या गळ्याने गात होत्या. मला पाहून गप्प झाल्या होत्या. मी ते सांगितलं.

मास्तर रस्त्यातच थांबले. "काय म्हणत होती?" त्यांनी विचारलं. मला आठवतील तेवढे शब्द मी सांगितले. ते हलक्या आवाजात पुटपुटत राहिले.

सुरात होतं का, हे मात्र त्यांनी विचारलं नाही.