भरलेला तांब्या

आमच्या पत्रकार भवनातल्या भिंतीवर एक फोटो आहे. शिबिराच्या टोप्या घालून हसणारे आम्ही, आणि मागे भरलेला तांब्या धरून उभी सखूबाई.

परदेशी पैशातून शिबिर झालं होतं. विषय, परक्या संस्कृतीचा मान कसा राखावा. दोन दिवसांत आम्ही इतकं शिकलो, की हॉटेलातल्या खुर्चीलाही 'बसू का?' विचारू लागलो! मग सरावासाठी आम्हाला पारध्यांच्या पालावर नेलं. तिथल्या सखूबाईच्या लेकाला पोलिसांनी संशयावरून उचललं होतं, आणि तो कुठे आहे ते कुणी सांगत नव्हतं.

"आधी पानी प्या दादा, मग सांगते."

आम्ही झटकन आपापल्या बाटल्या काढल्या. शिबिर घ्यायला आलेल्या गोऱ्या मॅडमचं पोट नाजूक, कबूल. आमची पोटं तर खिळे पचवणारी! माणसाला सातासमुद्रापार न्यायला विमानं आहेत. हात त्या तांब्यापर्यंत नेणारं यंत्र अजून निघायचंय.

पेपरात फोटो आला, लेकाची बातमी आली नाही. पुढे सखूबाई भवनात आली, तेव्हा अध्यक्षांनी तिला कौतुकाने भिंतीपाशी नेलं.

"बघ मावशी, छापलं की नाही तुला?"

तिने आमच्या एकेका चेहऱ्यावरून बोट फिरवलं.

"ह्यात माझा लेक कुठंय, दादा?"