आगाऊ उपकारस्तुती

वहिनीचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती. "ताई, हे प्रभूत झोपी गेले," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. सावेडीहून रिक्षा करून मी नागापूरला पोचले, तर दारात चपलांचा ढीग, आत गाणी चाललेली, आणि माझी आई दादाच्या उशाशी बसून येईल त्याला बजावतेय, "रडायचं न्हाई. कुनी रडायचं न्हाई." या गोष्टीला आता महिना उलटून गेलाय. त्या वाक्याचा राग मात्र माझ्या मनातून जात नाही.

प्रभाकर, माझा थोरला भाऊ, एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर होता. रविवारी चर्चमध्ये हार्मोनियम वाजवायचा. पाळकसाहेबांचा उपदेश लांबला की मागं वळून मला हळूच म्हणायचा, "घरी मटन करपलं आसंल." पण विश्वास म्हणाल तर आमच्या घरात त्याच्याइतका कुणाचाच नव्हता. मध्यंतरी वर्कशॉप बंद पडलं, तेव्हाही त्याची झोप उडाली नाही. "देव हाय," म्हणायचा, "पन सायकलीत हवा आपनच भरायची." आणि खरंच दुसऱ्या दिवशी सायकल काढून काम शोधायला बाहेर पडला.

गेल्या वर्षी त्याचं पोट दुखायला लागलं, मग डोळे पिवळे झाले. साधी कावीळ असेल म्हणून आम्ही गावठी औषधाच्या मागे लागलो. शेवटी मोठ्या दवाखान्यात कळलं, स्वादुपिंडाचा कॅन्सर, ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. आई तिथल्या तिथे उसळली, "डाक्टर काय देव लागून गेला का?" तिला काय बोलणार... आई होती ती. आम्ही सगळ्यांनी गुडघे टेकले. मीही टेकले, आणि अगदी मनापासून टेकले. दुसरं हातात होतंच काय?

आमच्या मंडळीत रीत अशी की देवानं काही चांगलं केलं की रविवारच्या भक्तीत उभं राहून साक्ष द्यायची आणि मग घरी उपकारस्तुतीचं जेवण घालायचं. आधी मिळतं, मग आभार. आईनं ते उलटं केलं. एका रविवारी ती उठून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माजं लेकरू बरं झालं. मी विश्वासानं सांगते." हालेलुयाचा गजर झाला. दादा हार्मोनियमवर मान खाली घालून बसला होता. परत येताना एवढंच म्हणाला, "आई, मला इचारायचं तरी."

पण आईला थांबवणार कोण? पुढच्याच आठवड्यात दारात मांडव उभा राहिला. मटणाचा रस्सा, भात, बुंदी. आभार आधीच मानून टाकले की देवाला माघार घेता येणार नाही, असा तिचा डाव. नव्या शर्टात, हळदीसारख्या पिवळ्या डोळ्यांनी दादा खुर्चीवर बसला होता आणि लोक त्याच्याशी हात मिळवून जेवायला जात होते. स्वतःच्या ताटाला त्यानं बोटही लावलं नाही.

त्यानंतर घरातून आजार हद्दपार झाला. म्हणजे आजार होताच, त्याचं नाव काढायचं नाही एवढंच. दुखणं थांबवायच्या गोळ्यांना ताकदीच्या गोळ्या म्हणायचं. दादा कण्हला की वहिनी म्हणायची, "आसं करू नका, साक्ष मोडंल." एवढा मोठा देव, आणि तो माझ्या भावाच्या कण्हण्यानं मोडणार होता!

एका दुपारी सगळे उपास-प्रार्थनेला गेले होते, मी एकटीच त्याच्याजवळ होते. तो म्हणाला, "माजा भरवसा हाय गं देवावर. मी चाललोय हे त्यालाबी म्हाईत हाय. घरातल्यांनाच तेवढं सांगायची चोरी..." मग म्हणाला, "रूथला बोलाव. मला बोलायचंय तिच्याशी."

रूथ त्याची एकुलती एक मुलगी, सांगलीला नर्सिंगच्या हॉस्टेलवर. तिला सगळे 'पप्पा सुधारतायत' असंच सांगत होते. मी वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, "तिला बोलवलं म्हंजे आपनच मानलं की, ताई." मग मीच रूथला फोन लावला. पोर घाबरली. खात्री करायला तिनं घरी फोन केला, तो आईनं घेतला. "आत्याचं ऐकू नको. तिचा विश्वास डळमळलाय. तू पेपर दे निवांत." आजी खोटं कशाला बोलेल? रूथनं पेपर दिला.

ती आली तेव्हा शवपेटी अंगणात ठेवलेली होती. आई तिलाही म्हणाली, रडायचं न्हाई. ती अशी ओरडून रडली की गाणी थांबली.

मी देव सोडलेला नाही. पण देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे मरणाऱ्या माणसाला एकटं पाडायचं, हे आम्हाला शिकवलं कुणी? देवानं तरी नाही.

गेल्या रविवारी मी तिकडे गेले होते. दादाच्या घरी दिवेलागणीला चटई टाकून प्रार्थना होते, एकेकानं आळीपाळीनं करायची. कपाटाला टेकून तो बसायचा, ती जागा सगळे अजून मोकळी सोडतात. रूथ प्रार्थनेला बसत नाही. ती आत मोरीत भांडी घासत होती, नळ सोडलेला. आईची प्रार्थना झाली. मग वहिनीची पाळी आली, आणि तिनं डोळे मिटले.

"बापा," ती म्हणाली, "तुला म्हाईतच हाय. शेवटी शेवटी हे सारखं इचारत हुते, रूथ कुटंय. मी म्हनले, निघालीय, बसमधी हाय. हे दाराकडंच बघत ऱ्हायले, बापा... मी तिला बोलवलंच नव्हतं."

आत नळ बंद झाला. आमेन कुणीच म्हटलं नाही.