रेवाचं पहिलं रॅप

आज गोधड्या उन्हात टाकताना डांबरगोळ्यांचा वास आला आणि विश्रांतवाडीचं जुनं घर आठवलं. तिथे धाकटी बहीण रेवा आवाज घुमू नये म्हणून गोधड्यांच्या कपाटात तोंड खुपसून मोबाइलवर पहिलं रॅप रेकॉर्ड करत होती. बाबा दारात थांबले.

"हे गाणं आहे?"

"बोलणंच आहे बाबा, फक्त तालात."

"मग आमच्याशी का नाही बोलत कधी?"

आम्ही दोघी खूप हसलो. बाबाही हसले, असं तेव्हा वाटलं होतं.

पुढे तेच रॅप देशभर गाजलं, पहिल्या क्रमांकावर गेलं. रेवा मुंबईला गेली. बाबा आजारी पडले तेव्हाही तिचा फोन बहुतेक वेळा बंदच असायचा. शेवटी शेवटी ते हेडफोन लावून तिचं रॅप ऐकत पडायचे आणि समोर कुणी बोलत असल्यासारखं मधूनमधून "हं" म्हणायचे.