केळीचं लुगडं

गुहागरहून पहिल्यांदा सासरी, इंदूरला, निघताना माझी ट्रंक मोटारीच्या टपावर चढली, तेव्हा आबांनी, माझ्या वडिलांनी, खिडकीतून एक गाठोडं आत सारलं. "विहीणबाईंना दे. सोवळ्यात चालेल म्हणावं. आणि सुकू देऊ नका." आई डोळे पुसत होती. मी ट्रंक, वळकटी, फराळाचा डबा आणि आता हे गाठोडं, असे नग मोजत होते. रडायचं ते मोटार सुटल्यावर, असं ठरवून ठेवलं होतं.

हे वाचणाऱ्या भावंडांनो, आबांचं खूळ तुम्हाला ठाऊकच आहे. पण माझ्यासारख्या लांब पडलेल्या सासुरवाशिणींसाठी सांगते. घड उतरला की लोक केळीचं खोड गुरांपुढे टाकतात. आबा त्याची सोपटं, म्हणजे एकावर एक पदर, सोलायचे, बोथट सुरीने गर खरवडायचे आणि उरलेले चकचकीत तंतू सावलीत वाळवून टोकाला टोक गाठत बसायचे. मग गावच्या शाळेतल्या हातमागावर त्याचं कापड. गाठोड्यात त्याचंच लुगडं होतं. हे लुगडं माळ्यावर पडलं असतं, तर आबांना काय तोंडाने पत्र लिहिणार होते मी?

तेव्हा इंदूर मध्यभारत राज्यात होतं. सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, लुगडं दोन बोटांनी उचललं. "सूनबाई, ये क्या बला आहे? सोवळ्यात रेशीम चालतं, ताग चालतो. केळीचं कोणी ऐकलंय?"

झोपाळ्यावरून सासरे, अण्णा, म्हणाले, "अहो, सत्यनारायणाला खांब केळीचे, नैवेद्य केळीच्या पानावर. मग लुगड्यानेच काय घोडं मारलंय?"

माई लुगडं नेसल्या.

पण इंदूरची हवा खडखडीत कोरडी. आठवड्यात लुगड्याचा पापड झाला. माई चालल्या की ओसरीपर्यंत चुर्र चुर्र ऐकू येई. अण्णा बेहद्द खूश. कारण मला नंतर कळलं: डॉक्टरांनी त्यांची शेव बंद केली होती आणि डबा स्वैपाकघरात होता. चुर्रचुर्र लांब आहे तोवर मुठी भरून घ्यायच्या.

शेवटी माई वैतागल्या. "टोचतंय गं बाई! बस हो गया, उद्या माळ्यावर."

मग मला आबांचं 'सुकू देऊ नका' आठवलं. पहाटे आंघोळ करून मी लुगड्यावर पाणी शिंपडलं आणि घडी माठांच्या गारव्याला ठेवली. पूजेच्या वेळेपर्यंत ते रेशमासारखं मऊ. माई नेसल्या, आवाज न करता स्वैपाकघरात शिरल्या. अण्णांचा हात डब्यात, कोपरापर्यंत.

"क्या चल रहा है, भिया?" नवऱ्याला 'भिया', म्हणजे इंदुरी 'भाऊ', म्हणताना मी माईंना तेवढं एकदाच ऐकलं.

अण्णा तोंडातली शेव सांभाळत म्हणाले, "सूनबाई, तुझ्या वडिलांनी आमचा घात केला!"

माईंनी मग ते लुगडं कधीच सोडलं नाही. आबांना मी लांबलचक पत्र लिहिलं.

माई थकल्यावर लुगडं माझ्याकडे आलं. गेल्या उन्हाळ्यात ते घेऊन गुहागरला गेले. संध्याकाळी सवयीने तांब्या घेऊन शिंपडायला बसले, तर आबा हसले. "अगं, इथली हवाच ओली. इथे कशाला?"

खरंच, न शिंपडताच लुगडं मऊ होतं. कुठे चुर्र म्हणून आवाज नाही. ते मांडीवर घेऊन बसले आणि माझे डोळे भरून आले. परतीची मोटार सुटायला तर अजून आठ दिवस होते.