टाळ्या वाजवणारा टॅब

त्या टॅबचा मला अजूनही राग येतो. खरं तर टॅबचा नाही, तो आमच्या गळ्यात मारणाऱ्यांचा. नाशकातल्या एका थंडगार सभागृहात आम्हा शिक्षकांना बसवून सांगितलं, की आता मुलं खेळता खेळता गणित शिकतील. बरोबर उत्तराला तारे, भराभर दिलं तर जास्त तारे, वर टाळ्यांचा आवाज. माझा भाचा नाशकात घरी हेच खेळतो आणि खरोखर शिकतो. पण त्याचा टॅब त्याच्या एकट्याचा, आणि उत्तर चुकलं की शेजारी बसलेली आई म्हणते, "थांब, कागदावर करून बघ."

माझ्या चांदवडकडच्या शाळेत चाळीस मुलं आणि दोन टॅब. प्रत्येकाला तीन मिनिटं. हे मी सभागृहात उठून बोलले, तर शिक्षण खात्याचे साहेब हसून म्हणाले, "मॅडम, जरा सकारात्मक राहा." डोक्यात तिडीक गेली. तरी खाली बसले, याची लाज वाटते.

पाचवीत एक मुलगी होती. हळू, पण पक्की. कांद्याच्या वाफ्यात किती रोपं लागतील हे ती ओळी मोजून, गुणून सांगायची आणि वर मलाच विचारायची, "पण बाई, गुणायचंच का?" तिच्या त्या प्रश्नांसाठी मी रोज एसटीचे धक्के खात जायचे. टॅबवर ती शेवटची आली. तीन मिनिटांत तिची दोनच गणितं व्हायची; बाकीची पोरं न वाचता खालच्या चार उत्तरांतल्या कुठल्याही एकावर बोटं मारत सुटायची. चुकलं तरी तारे कापले जात नव्हते. हे तिच्याही लक्षात आलं. महिनाभरात ती पहिली आली.

साहेब तपासणीला आले, त्यांनी तिची पाठ थोपटली, फोटो काढला. मला राहवलं नाही. मी फळ्यावर वाफ्याचंच गणित लिहिलं: तेरा ओळी, एका ओळीत चोवीस रोपं. तिच्या हातात खडू दिला. "लागू दे कितीही वेळ," म्हटलं.

तिने गणिताच्या खाली फळ्यावर काहीतरी शोधलं.

"बाई, बोट कशावर ठिवू? खाली चार उत्तरं लिहिलीच नाय तुम्ही."

साहेब खो खो हसले. तिचे डोळे भरून आले. त्यांच्यासमोर तिने रडू नये म्हणून मीच फळ्यावर चार उत्तरं लिहिली. तिने न वाचता झटकन एकावर बोट ठेवलं आणि टाळ्यांची वाट बघत उभी राहिली.